या जागेचे कामी : शिंतोविषयीच्या तीन प्रश्नांना सविस्तर उत्तर

तुमच्या पत्रातले प्रश्न तीन. जपानमधला शिंतो हा धर्म आहे का, आणि असेल तर त्यात लोक नेमकं मानतात काय? जपानचे देव मूळचे आपलेच, असं जे सतत ऐकू येतं ते खरं का? आणि वसंतात आईवडिलांना घेऊन तुम्ही येताय, तर तिथे नमस्कार कसा करायचा. त्यातही आजी नुकत्याच गेल्या, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत देवळात पाऊल टाकायचं नाही असं आईंचं म्हणणं आहे, त्याचं काय?

मी बावीस वर्षं नागोया परिसरात दुभाषी म्हणून काम करते. बहुतेक काम कारखान्यांचं. पण जपानमध्ये कारखान्याचं काम केलं की शिंतो टाळता येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दहाएक वर्षांपूर्वी मिए जिल्ह्यात एका कारखान्याची पायाभरणी होती. भारतातून पाच अधिकारी आले होते. जपानमध्ये बांधकामाआधी ‘जिचिन्साई’ नावाचा विधी करतात. आपल्या भूमिपूजनासारखाच, म्हणून मी निर्धास्त होते. जमिनीच्या चार कोपऱ्यांना हिरवे बांबू उभे केले होते, त्यांना भाताच्या पेंढ्याचा दोर बांधून मधली जागा वेगळी केली होती. लाकडी चौरंगावर तांदूळ, मीठ, पाणी, साके (तांदळाचं मद्य), एक अख्खा मासा, भाज्या, फळं. पांढऱ्या झग्यातले पुरोहित, म्हणजे कान्नुशी, पुढे आले आणि त्यांनी एकच दीर्घ ‘ओऽऽ’ काढला. तो आवाज म्हणजे आवाहन. सगळे माना खाली घालून उभे.

आमच्यातले एक वयस्कर साहेब सिंधुदुर्गचे. त्यांनी हळूच विचारलं, “कोणत्या देवाची पूजा आहे ही?” विधी संपल्यावर मी कान्नुशींना तोच प्रश्न घातला. ते म्हणाले, “कोनो तोचि नो कामिसामा.” या जागेचे कामी. मी भाषांतर केलं ‘भूमिदेवता’. साहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, “म्हणजे पृथ्वी. मूर्ती कुठे आहे तिची?” तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. पृथ्वी सगळीकडे एकच. कान्नुशी बोलत होते ते त्या बांबूंच्या आतल्या जमिनीबद्दल. जिचिन्साईत ज्यांना बोलावतात त्यांतल्या एका कामींचं नावच ‘ओओतोकोनुशी’, अक्षरशः ‘मोठा जमीनमालक’. मी पुन्हा सांगितलं की या एवढ्या जमिनीचा जो धनी आहे त्याला विचारून आपण इथे खणतोय. साहेब एकदम म्हणाले, “अहो, हा तर आमचा जागेवाला!”

कोकणातल्या माणसाला दोन मिनिटांत कळलेली ही गोष्ट मला नीट शब्दांत मांडायला कित्येक वर्षं लागली होती. शिंतोबद्दल ‘कोणता देव’ हा प्रश्न विचारला की उत्तरं विस्कळीत येतात. ‘कुठला देव’ असं विचारलं की एकेक गोष्ट जुळत जाते. माझं पुढचं सगळं सांगणं या एका मुद्द्याभोवतीच आहे.

आता पहिला प्रश्न. हा धर्म आहे का, हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयालाच ठरवावं लागलं होतं, आणि तेही याच विधीवरून. मिएमधल्या त्सु शहराच्या नगरपालिकेने १९६५ मध्ये व्यायामशाळेच्या बांधकामाआधी जिचिन्साई केला आणि सरकारी तिजोरीतून ७,६६३ येन खर्च केले. एका नगरसेवकाने दावा लावला की राज्यघटना शासनाला धार्मिक कृत्य करू देत नाही. १९७१ मध्ये नागोयाच्या उच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं. १३ जुलै १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि म्हटलं की जिचिन्साई आता समाजाचा लौकिक रिवाज झाला आहे. निकाल दहा विरुद्ध पाच असा लागला, आणि विरोधातल्या पाचांत खुद्द सरन्यायाधीश होते. १९९७ मध्ये मात्र याच न्यायालयाने एहिमे जिल्हा प्रशासनाने युद्धात मेलेल्यांच्या यासुकुनी देवस्थानाला सरकारी पैशातून दिलेली दक्षिणा घटनाबाह्य ठरवली. म्हणजे शिंतोचा एक विधी रिवाज ठरला आणि दुसरा धर्म. माझ्या मते दोन्ही निकाल आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. खणण्याआधी जमिनीच्या धन्याला विचारणं आणि शासनाने युद्धस्मारकाला पैसे देणं या एका तराजूत घालायच्या गोष्टी नव्हेत.

शिंतोला संस्थापक नाही. कुराण-बायबलसारखा ग्रंथ नाही, दीक्षा नाही, ‘मी अमुक मानतो’ असं म्हणण्याची अटही नाही. पुराणकथा आहेत, त्या ७१२ सालच्या ‘कोजिकी’त आणि ७२० सालच्या ‘निहोन शोकी’त लिहिल्या गेल्या. ‘शिंतो’ हा शब्दच ‘निहोन शोकी’त पहिल्यांदा दिसतो, आणि तोही बौद्ध धर्माच्या शेजारी. सम्राट योमेइबद्दल तिथे म्हटलंय की तो बुद्धाचा धर्म मानत असे आणि कामींच्या मार्गाचा आदर करत असे. बाहेरून काही आलं तेव्हा कुठे घरातल्याला नाव द्यायची गरज पडली.

‘कामी’ला देव म्हणायला माझी आजही जीभ अडखळते. अठराव्या शतकात मात्सुसाका गावात मोतोओरी नोरिनागा नावाचे वैद्य होते. दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात ‘कोजिकी’चा अर्थ लावत बसायचे. पस्तीसएक वर्षं खपून त्यांनी चव्वेचाळीस खंडांचं भाष्य लिहिलं. कामी कशाला म्हणावं हे सांगताना ते लिहितात, त्याचा मतितार्थ असा: पुराणातल्या देवता तर कामी आहेतच, पण पक्षी, पशू, झाडं, समुद्र, डोंगर, माणसं, ज्यात ज्यात नेहमीपेक्षा वेगळं काही आहे आणि ज्याच्यासमोर माणूस थबकतो ते सगळं कामी. ते चांगलंच असलं पाहिजे असंही नाही. जपानी भाषेत ‘ऐंशी लाख कामी’ म्हणतात. मोजून काढलेला तो आकडा नव्हे, आपल्या तेहतीस कोटींसारखंच ते.

यातला डोंगर आणि समुद्र हा भाग प्रत्यक्ष पाहावा. नाराजवळ ओमिवा देवस्थान आहे. तिथे दर्शनमंडप आहे, पण गाभारा नाही. मंडपामागे मिवा डोंगर आहे आणि तोच पूजास्थान. नाचीला १३३ मीटरचा धबधबा आहे. त्याच्यासमोर तोरिई, म्हणजे देवस्थानाच्या वाटेवरची कमान, उभी आहे, मागे पाण्याशिवाय काही नाही. क्युशूजवळच्या समुद्रात ओकिनोशिमा हे आख्खं बेटच देवस्थान आहे. तिथे बायकांना बंदी आहे आणि २०१८ पासून सामान्य पुरुषांनाही जाता येत नाही. बंदीमागचं जुनं कारण मला पटत नाही, पण तिथून गवताची काडीही बाहेर न्यायची नाही हा नियम वाचला तेव्हा त्या बेटाकडे लोक कशा नजरेने बघतात हे कळलं.

माणूस कामी झाल्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण सुगावारा नो मिचिझाने यांचं. ते विद्वान मंत्री होते. दरबारी कारस्थानात ९०१ मध्ये त्यांना क्योतोहून दूर दाझाइफूला धाडलं गेलं, आणि दोन वर्षांत ते तिथेच वारले. पुढे राजधानीत एकामागून एक मृत्यू झाले, ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडून दरबारी मेले. लोकांनी ठरवलं की हा मिचिझानेंचा कोप. त्यांना शांत करण्यासाठी क्योतोत कितानोचं देवस्थान उभं राहिलं, आणि आज तेच कामी विद्येचे. परीक्षेच्या मोसमात मुलं लाकडी पाट्यांवर कॉलेजचं नाव लिहून तिथे टांगतात. अन्यायाने मेलेल्या माणसाचा राग गावाने आपल्या अंगावर घेतला आणि त्याला जागा दिली. मला ही कथा फार मोलाची वाटते.

सरकारी आकडेवारीत दरवर्षी एक गोष्ट दिसते: शिंतो अनुयायी आणि बौद्ध अनुयायी यांची बेरीज देशाच्या लोकसंख्येहून जास्त भरते. बाहेरचे लोक याला जपानी गोंधळ म्हणतात. पण देवस्थानं मोजतात ती त्यांच्या हद्दीत राहणारी माणसं. त्यांना ‘उजिको’ म्हणतात. तुम्ही त्या वस्तीत घर घेतलं की तुम्ही त्या देवस्थानाचे, मग तुमच्या मनात काहीही असो. तीच माणसं घराण्यामुळे बौद्ध मठाकडेही नोंदलेली असतात. त्यामुळे ‘मी कुठलाच धर्म मानत नाही’ असं सांगणारा माझा शेजारी बाळाला महिन्याभराचं झाल्यावर देवस्थानात नेतो, मुलांना पाचव्या-सातव्या वर्षी नोव्हेंबरात नटवून नेतो, मिरवणुकीत पालखी खांद्यावर घेतो आणि आई वारल्यावर बौद्ध भिक्षूला बोलावतो. त्याच्या बोलण्यात मला विसंगती दिसत नाही. त्याला विचारलं होतं मताबद्दल, आणि तो करतो ते वस्तीचं देणं.

इसेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नागोयाहून ते दीड तासावर आहे आणि मी सर्वांत जास्त वेळा तिथेच गेले आहे. सूर्याची देवता अमातेरासू, जिला सम्राटाचं घराणं आपली मूळ पूर्वज मानतं, तिचं हे स्थान. दर वीस वर्षांनी इथलं मुख्य मंदिर शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं पुन्हा बांधतात आणि मग जुनं उतरवतात. पहिल्यांदा हे ६९० मध्ये झालं, सम्राज्ञी जितोच्या काळात. यादवीच्या काळात सव्वाशे वर्षांच्या आसपास खंड पडला, दुसऱ्या महायुद्धामुळे १९४९ चा सोहळा १९५३ वर गेला, पण परंपरा तुटली नाही. २०१३ मध्ये बासष्टावी वेळ झाली. पुढची २०३३ मध्ये, आणि तिचे विधी २०२५ च्या मे महिन्यात सुरूही झाले आहेत.

खांब दगडी पायावर नसतात, थेट जमिनीत पुरलेले असतात. छप्पर गवताचं. असं बांधकाम जपानच्या पावसात फार टिकत नाही. दगड घालून ते टिकवणं बाराशे वर्षांपूर्वीही कठीण नव्हतं; बौद्ध मंदिरं तशी बांधलीच जात होती. इथे मुद्दाम तसं केलं नाही. हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची, सुमारे दहा हजार झाडं लागतात, आणि ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तू, तलवारी, वस्त्रं, आरसे, खोगीर, सगळं नव्याने घडवलं जातं. वीस वर्षांनी विशीतला सुतार चाळिशीत येतो आणि मग साठीत. म्हणजे एकाच आयुष्यात तो एकदा शिकतो, एकदा करतो, एकदा शिकवतो. लाकडाची सोय म्हणून १९२३ मध्ये देवस्थानाने आपल्या जंगलासाठी दोनशे वर्षांची योजना आखली, आणि २०१३ च्या वेळी सुमारे सातशे वर्षांनी प्रथमच घरच्या जंगलातलं काही लाकूड वापरता आलं. दोनशे वर्षांची योजना आखणाऱ्या माणसाला तिचं फळ दिसणार नव्हतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

जुनं लाकूड वाया जात नाही. मुख्य मंदिरांचे मोठे आधारखांब उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरिई होतात, वीस वर्षं तिथे उभे राहतात आणि मग सेकी आणि कुवाना या जुन्या वाटेवरच्या गावांत जातात. कुवानाची तोरिई नदीकाठी उभी आहे. पूर्वी इसेला निघालेले यात्रेकरू नावेतून तिथे उतरत.

आता दुसरा प्रश्न: देव आपलेच का? काही भारतातून आलेले आहेत, पण शिंतोतून नव्हे. ते बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे आले. सरस्वती बेन्झाइतेन झाली, महाकाल दाइकोकुतेन झाला आणि हसऱ्या चेहऱ्याने तांदळाच्या पोत्यांवर उभा राहिला. गणपती कांगितेन म्हणून आहे; तोक्योत असाकुसाजवळ मात्सुचियामा इथे त्याला पांढरा मुळा वाहतात, पण ते बौद्ध मंदिर आहे, शिंतोचं नव्हे. आलेले देव मग स्थानिक कामींशी जोडले गेले, आणि हजारेक वर्षं मठ आणि देवस्थान एकाच आवारात नांदले. हा कामी म्हणजे अमुक बुद्धाने इथे घेतलेलं रूप, असं सांगितलं जाई. शिकोकू बेटावर कोनपिरा नावाचं प्रसिद्ध स्थान आहे, मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या. खलाशांचा हा देव. ‘कोनपिरा’ म्हणजे संस्कृत ‘कुंभीर’, मगर. क्योतोच्या गिओन वस्तीचं नावही आपल्याकडचं: श्रावस्तीचं जेतवन, जिथे बुद्ध राहिले, त्याचं चिनी रूप जपानीत गिओन झालं. त्या वनाचा रक्षक म्हणून गोझु तेन्नो, बैलाच्या डोक्याचा राजा, तिथे पुजला जाई. ८६९ मध्ये साथ आली तेव्हा देशाच्या प्रांतांइतके, म्हणजे ६६ भाले उभारून त्याची शांती केली. आज जुलैभर चालणारा गिओन उत्सव त्यातूनच आला.

तुमच्या पत्रात तोरिई म्हणजे तोरण असंही होतं. शब्द जवळचे वाटतात हे खरं, पण विद्वानांत त्यावर एकमत नाही. मी माझ्या पाहुण्यांना ते सांगत नाही.

मग हे देव देवस्थानांत आज का दिसत नाहीत? कारण १८६८ मध्ये नव्या मेइजी सरकारने हुकूम काढून बुद्ध आणि कामी वेगळे केले. बुद्धमूर्ती पूजास्थान म्हणून ठेवायच्या नाहीत, बौद्ध नावं चालायची नाहीत. हुकुमात गोझु तेन्नोचं नाव उदाहरण म्हणून घातलं होतं. गिओनचं देवस्थान यासाका झालं आणि तिथे सुसानोओ हा कामी राहिला. कोनपिरा कोतोहिरा झालं. इत्सुकुशिमा बेटावरच्या देवस्थानातली बेन्झाइतेन शेजारच्या दाइगान-जी मठात हलवली. कामाकुराच्या हाचिमान देवस्थानातला बौद्ध मनोरा १८७० मध्ये पाडला. देशभर मूर्ती जाळल्या, विकल्या. म्हणून ‘प्राचीन, शुद्ध शिंतो’ असं कोणी म्हटलं की मी हरकत घेते. आज आपण जे नीटनेटकं, बौद्ध खुणा नसलेलं देवस्थान बघतो त्याला दीडशेएक वर्षं झाली आहेत.

त्या सरकारला देवस्थानं हवी होती ती राष्ट्रासाठी. सम्राट सूर्यदेवतेचा वंशज, सगळी देवस्थानं त्याच्याखाली श्रेणीने लावलेली, आणि हा धर्म नव्हेच, नागरिकाचं कर्तव्य आहे, अशी मांडणी. जागेचा कामी राष्ट्राचा कामी झाला. १९०६ पासून छोटी देवस्थानं मोडून एका गावात एक अशी मोहीम निघाली. सुमारे एक लाख नव्वद हजार होती, १९१४ पर्यंत एक लाख वीस हजारांच्या आसपास उरली. मिएमध्ये तर जवळजवळ नव्वद टक्के गेली. देवस्थान गेलं की भोवतीची राई मोकळी; झाडं तोडून विकली.

या मोहिमेविरुद्ध जो माणूस उभा राहिला तो माझ्या मनात कायम आहे. मिनाकाता कुमागुसू, जन्म १८६७, वाकायामाचा. अमेरिका आणि लंडनमध्ये वर्षानुवर्षं शिकून परत आलेला, बुरशीसारख्या दिसणाऱ्या श्लेष्म-कवकांचा अभ्यासक. त्याला प्रत्येक देवराईत वेगळ्या जाती सापडत होत्या, आणि त्या एकामागून एक तुटत होत्या. त्याने वर्तमानपत्रांत लिहिलं, तज्ज्ञांना लांबलचक पत्रं लिहिली. त्याचं म्हणणं असं की राई गेली तर किडे, पक्षी जातात, शेती बिघडते, गावाची एकत्र येण्याची जागा जाते, आणि लोकांची आपल्या मातीवरची माया जाते. १९१० मध्ये एका सभेत घुसून गोंधळ घातला म्हणून तो अठरा दिवस तुरुंगात होता. १९२० मध्ये वरिष्ठ सभागृहाने ती मोहीम थांबवली. १९२९ मध्ये तरुण सम्राट, जो स्वतः जीवशास्त्राचा अभ्यासक होता, तानाबेच्या खाडीत आला तेव्हा मिनाकाताने त्याला ११० नमुने भेट दिले, कॅरमेलच्या खोक्यांत घालून. कुमानोच्या जुन्या यात्रामार्गावर त्सुगिझाकुरा इथे त्याने वाचवलेले प्रचंड सुगी (जपानी देवदार) वृक्ष आजही आहेत. त्यांच्या फांद्या सगळ्या एकाच बाजूला, नाचीच्या दिशेने वळलेल्या. सह्याद्रीत देवराया वाचवायला धडपडणाऱ्यांनी हा माणूस जरूर वाचावा.

यासुकुनीबद्दल थोडंच लिहिते. १८६९ मध्ये स्थापन झालं, युद्धात सम्राटासाठी मेलेले चोवीस लाखांहून अधिक लोक तिथे कामी म्हणून नोंदलेले आहेत, आणि १९७८ मध्ये त्यांत पहिल्या दर्जाचे चौदा युद्धगुन्हेगार घातले गेले. सम्राटाची तिथली भेट १९७५ नंतर झालेली नाही. आपल्याकडचे पाहुणे तिथे तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांचं २००५ मधलं स्मारक बघायला जातात. जा, पण तिथे कोरिया-चीनच्या माणसाला काय वाटतं ते मनात ठेवा. १५ डिसेंबर १९४५ च्या आदेशाने शासन आणि शिंतो वेगळे झाले. आज बहुतेक देवस्थानं म्हणजे वस्तीच्या वर्गणीवर आणि एखाद्या कान्नुशीच्या कुटुंबावर चालणारी लहान जागा, आणि माझ्या दृष्टीने शिंतो तिथेच आहे.

आता आईंचा प्रश्न, म्हणजे सुतकाचा. त्यांना जपानी लोक अगदी जवळचे वाटतील. पुराणकथेतला आदिदेव इझानागी पाताळात मेलेल्या बायकोला शोधायला गेला, तिथलं कुजलेलं रूप बघून पळाला आणि नदीत उतरून अंग धुतलं. डावा डोळा धुताना अमातेरासू जन्मली. मृत्यूची बाधा आणि पाण्याने ती जाणं, हे शिंतोच्या कण्यात आहे. त्या बाधेला ‘केगारे’ म्हणतात. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या नियमग्रंथात मृत्यूचे तीस दिवस, जन्माचे सात असा हिशेब आहे. आजही घरात कोणी गेलं की देव्हाऱ्यावर पांढरा कागद लावतात आणि पन्नास दिवस तोरिईखालून जात नाहीत. वर्षभर नववर्षाची शुभेच्छापत्रं पाठवत नाहीत.

यात चांगलं काय आहे ते मी पाहिलंय: शोकात असलेल्या माणसाला सणात ओढत नाहीत, त्याला वेळ देतात. पण वाईटही सांगितलंच पाहिजे. याच कल्पनेने मेलेली जनावरं उचलणारे, कातडं कमावणारे, प्रेतं पुरणारे लोक पिढ्यान्पिढ्या वेगळ्या वस्त्यांत ढकलले गेले. १८७१ मध्ये कायद्याने त्यांची जुनी नावं रद्द झाली, तरी पुढची शंभर वर्षं लग्नाआधी घराण्याचा पत्ता चोरून तपासला जाई. आपण महाराष्ट्रातले लोक हे ऐकून ‘अरे वा, यांचंही सोवळं’ म्हणून खूश होऊ नये. विटाळाची किंमत कोणी मोजली हे आपल्याला माहीत आहे.

प्रत्यक्षात काय करायचं ते आता. तोरिईशी थांबून किंचित वाका आणि कडेने चाला; मधली वाट कामींची. पाण्याच्या कुंडाशी डावा हात, मग उजवा, मग डाव्या हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, आणि शेवटी पळीचा दांडा धुवायचा. हल्ली काही ठिकाणी पळ्या काढून नुसतं वाहतं पाणी ठेवलंय, तिथे हात धुतले तरी पुरे. नाणं फेकू नका, हळू सोडा. दोनदा वाका, दोन टाळ्या, हात जोडून मनात बोला, पुन्हा एकदा वाका. इझुमोच्या देवस्थानात चार टाळ्या. पादत्राणं बाहेर काढायची गरज सहसा नसते. प्रसाद मिळत नाही, नारळ-फुलं नेऊ नका. तुम्ही हिंदू आहात का, हे कोणी विचारणार नाही.

तोक्योत मेइजी जिंगूला जाल तर तिथली झाडं बघा. १९२० मध्ये ते देवस्थान झालं; त्याआधी ती जागा बरीचशी उघडी होती. देशभरातून लाखभर झाडं आली. तेव्हाचे पंतप्रधान ओकुमा यांना इसेसारखे उंच सुगी हवे होते. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकू यांनी ते नाकारलं आणि रुंद पानांची सदाहरित झाडं लावली, म्हणजे माणसाने हात न लावता शंभर-दीडशे वर्षांत तिथे आपोआप जंगल होईल. झाडलोट करणारे वाटेवरची पानं गोळा करून पुन्हा झाडांखालीच टाकतात. आईवडिलांना घाई न करता हे बघू द्या.

तुमच्या आजींना जाऊन वसंतापर्यंत पन्नास दिवस केव्हाच उलटलेले असतील, म्हणजे इथल्या हिशेबाने आई आत जाऊ शकतात. त्यांना तरीही नको वाटलं तर आग्रह करू नका; तोरिईबाहेर थांबणाऱ्या माणसाकडे इथे कोणी वळून बघत नाही. आणि गेल्याच, तर त्यांना एक गोष्ट सांगून ठेवा. इथले जुने लोक हात जोडले की मागणं मागण्याआधी मनात आपलं नाव सांगतात आणि पत्ता सांगतात: जिल्हा, गाव, वस्ती. आईंनी मराठीत सांगितलं तरी चालेल. तालुक्यासकट सांगू द्या.